पनवेलचे उद्योग आणि जळणाची टंचाई

स्मरणिकेसाठी पनवेलच्या उद्योगधंद्यांविषयी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा प्रथम मनात आली ती गाडीची चाके. पनवेलच्या चाकांची ख्याती घाटावरही होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या धंद्यावर येथील कित्येक घरे उभी राहिली. परंतु चाकावर लोखंडी धाव चढविण्यापूर्वी ती तापवून लाल करावी लागते, त्या जाळाचे जळण कोठून येई आणि ते मिळेनासे झाले म्हणजे काय होई, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. प्रस्तुत लेख त्या जळणाविषयी आहे.

जुन्या पनवेलच्या उद्योगांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांचे जळण घरचेच होते. खाडीकाठच्या मिठागरांना सूर्य पुरेसा होता. चाके करणाऱ्यांना लाकूड, कोळसा व शेण्या लागत, त्या आसपासच्या रानांतून व गोठ्यांतून येत. भाताच्या गिरण्या आल्या तेव्हा जेथे बाष्पयंत्र होते तेथे भाताचेच तूस भट्टीत जाई. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे श्रीधूतपापेश्वर कारखाना काढला. आयुर्वेदीय भस्मांना जे पुट द्यावे लागते तेही गोवऱ्यांचेच. खाडीतले पडाव शिडावर चालत आणि गाड्या बैलांवर. दूरदेशीच्या खाणीवर वा विहिरीवर यांपैकी कोणाचेच पोट अवलंबून नव्हते.

टंचाई आली ती या घरच्या जळणावर परक्याचा हक्क सांगितला गेला तेव्हा. १८७८ च्या कायद्याने रानांची प्रतवारी झाली व राखीव जंगलात कोयता घेऊन जाणे हा गुन्हा ठरला. मुंबई शहराची सरपणाची व कोळशाची भूक वाढत होती, मक्तेदारांना तोड मिळत होती, आणि ज्या कुणब्याला भाताच्या रोपासाठी राब भाजावयाचा त्याला मात्र फांदी तोडण्याची चोरी झाली. खैराचा काथ काढणारे कातकरी तर आपल्या नावाच्या धंद्यासच मुकले. ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत ओरड इतकी झाली की, सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. काही सवलती मिळाल्या, पण रानाची मालकी जेथे गेली होती तेथेच राहिली.

ही गोष्ट केवळ कागदावरची नव्हती, याची साक्ष चिरनेर देते. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्याच दिवशी तेथे गोळीला बळी पडले. चिरनेरचा इतिहास आपण स्वातंत्र्यलढ्याचा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. परंतु त्या दिवशी कोयते घेऊन निघालेल्या माणसांच्या घरी चूल होती, हेही विसरता कामा नये.

पहिल्या महायुद्धात निराळा प्रसंग उद्भवला. मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत आणि तो बंगालच्या खाणींतून येई. युद्धात जहाजे लष्कराकडे गेली, आगगाडीचे वाघिणे अपुरे पडले, आणि सरकारने कोळसा नियंत्रक नेमला. सुदैवाने त्यापूर्वीच, १९१५ साली, टाटांचे खोपोलीचे वीजगृह सुरू झाले होते. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा ही वीजगृहे चालू झाली. ही तिन्ही वीजगृहे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील होत. सह्याद्रीचे पाणी कुलाब्यात उतरले आणि त्यापासून झालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. हा उपक्रम थोर होता, यात शंका नाही. मात्र ज्या गावांच्या शिवारांतून त्या तारा गेल्या, तेथे रात्री रॉकेलची चिमणीच जळत राहिली.

त्या चिमणीवर खरा घाला पडला दुसऱ्या महायुद्धात. पेट्रोलचे शिधावाटप १९४१ मध्येच सुरू झाले होते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचे तेल बंद झाले. आपल्याकडे येणाऱ्या रॉकेलचा फार मोठा भाग तेथूनच येत असे. ब्रह्मदेशचा तांदूळही त्याच वेळी थांबला. म्हणजे एका शहराच्या पाडावाने कोकणातल्या घराचा दिवा आणि भात या दोहोंवर संकट आले. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे शिधावाटप सुरू झाले. कुलाब्याच्या भाताला अचानक महत्त्व आले, तो सडणाऱ्या गिरण्या चालू राहणे सरकारलाही अगत्याचे झाले, आणि नेमके त्याच सुमारास तेलाच्या इंजिनांना लागणारे तेल दुर्मिळ झाले. ज्या गिरण्या जुन्या पद्धतीने तुसावर चालत होत्या त्यांना परवान्यासाठी कोणाच्या दारी जावे लागले नसेल. नव्या इंजिनाला ज्यांनी जुन्या बाष्पयंत्राचा मागासलेपणा म्हणून हिणविले असेल, त्यांना त्या दिवसांत काय वाटले असेल, ही कल्पना मनोरंजक आहे.

पनवेलला त्या काळी आगगाडी नव्हती. ती आली साठीच्या दशकात. मुंबई-पुणे रस्ता आणि खाडी याच दोन वाटा. रस्त्यावरच्या मोटारींना पेट्रोल मिळेना, तेव्हा सरकारने कोळशाच्या वायूचा पुरस्कार केला. गाडीच्या मागे वा बाजूला एक उंच लोखंडी नळकांडे बसवावयाचे, त्यात लाकडी कोळसा पेटवून पंख्याने हवा द्यावयाची, आणि तयार झालेला वायू गाळून इंजिनात सोडावयाचा. ज्यांनी त्या मोटारींतून प्रवास केला ते सांगत की, गाडी सुटण्यापूर्वी बराच वेळ पंखा फिरवावा लागे, वाटेत निखारे ढोसावे लागत, आणि खोपोली सोडून बोरघाटाची चढण लागली म्हणजे उतारूंना खाली उतरून पायी चालणे भाग पडे. इंजिनाचा जोर पेट्रोलच्या मानाने पुष्कळच कमी पडे. पण गाड्या चालल्या. परदेशी तेलावाचून दळणवळण पुरते बंद पडले नाही, हे सरकारच्या पदरी टाकले पाहिजे.

प्रश्न उरतो तो त्या नळकांड्यातील कोळशाचा. लोहाराला, कासाराला, धाव तापविणाराला जो कोळसा लागे तोच आता मोटारीलाही लागू लागला. दगडी कोळशाचीही टंचाई होती. खाणींतील मजूर लष्करी कामांवर गेल्यामुळे स्त्रियांना भूगर्भात काम करण्यास असलेली बंदी सरकारने १९४३ साली उठविली, ती १९४६ च्या प्रारंभी पुन्हा घातली. १९४४ साली खाणींच्या कोळशाची किंमत व वाटप सरकारने हाती घेतले. सर्व भार मग रानावर आला. माथेरान, प्रबळ, कर्नाळा यांच्या परिसरात कोळशाच्या भट्ट्या लावण्याचे काम कातकऱ्यांचेच. पावसाळ्यात घेतलेली खावटी उन्हाळ्यात भट्टीवर राबून फेडावयाची, आणि हिशोब मक्तेदाराच्या वहीत. ज्याला १८७८ च्या कायद्याने रानातून बाहेर काढले, त्यालाच त्याच रानात परक्याचा मजूर म्हणून परत जावे लागले. पेट्रोलच्या प्रत्येक कुपनाची नोंद ठेवणाऱ्या राज्यव्यवस्थेने या माणसाच्या मजुरीची नोंद ठेवण्याची तसदी घेतली नाही, हे लिहिताना लेखणी अडखळते. वस्तुतः सिमिंग्टन यांचा आदिवासींच्या स्थितीविषयीचा अहवाल १९३९ सालीच सरकारपुढे आलेला होता. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघू लागल्या आणि मक्तेदाराऐवजी तोड त्यांना देण्याचे धोरण सुरू झाले. या सोसायट्यांतही दोष शिरले. तरीपण इंधनाच्या टंचाईचा विचार करताना इंधन काढणाऱ्याचा विचार सरकारने केला तो येथे, असे आम्हांस वाटते.

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. त्या वर्षी नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. चाकांच्या गावच्या मंडळींना ते छायाचित्र पाहून गंमत वाटली असेल. परंतु तोपर्यंत पनवेलच्या परिसराचे रूप पालटत चालले होते. रसायनी येथे रसायनांचा मोठा कारखाना उभा राहिला होता, पुढे तळोजे व पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहती वाढल्या, आणि त्यांच्या भट्ट्यांना तूस वा शेण्या चालणार नव्हत्या. सरकारचे उत्तर दुहेरी होते. १९७४ साली इंधन धोरण समितीने तेलाऐवजी कोळशाचा वापर वाढविण्याची शिफारस केली. खाणींचे राष्ट्रीयीकरण आदल्याच वर्षी पुरे झाले होते. आणि समुद्रात शोध चालू होता, त्यास यश आले. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हाय येथे तेल शोधले, १९७६ पासून उत्पादन सुरू झाले, आणि लवकरच समुद्रातून नळ येऊन उरणच्या किनाऱ्यास लागले.

चिरनेरपासून उरण काही कोसांवर आहे. तेथे वायूवर चालणारे सरकारी वीजगृह १९८२ पासून उभे राहिले. पुढे त्याची क्षमता ६७२ मेगावॉट झाली. वायू कोणाला किती द्यावयाचा हे दिल्लीत ठरते. खत, घरगुती गॅस, वीज असा क्रम कित्येक वर्षे होता. २०१४ पासून शहरांतील वाहने व घरगुती नळजोड यांना अग्रक्रम मिळाला. ज्या किनाऱ्यावर तो वायू प्रथम जमिनीला लागतो, त्याच किनाऱ्यावरचे हे वीजगृह वायू अपुरा पडल्यामुळे वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चालू शकलेले नाही.