समोरच्याचा आवडता बॉल

१९७५ ची विम्बल्डन फायनल. आर्थर अ‍ॅश कॉनर्सकडून आधीच्या तिन्ही मॅचेस हरलेला. कॉनर्सला वेगवान बॉल आवडायचा. अ‍ॅशने स्वतःचा जोरकस खेळ गुंडाळून ठेवला आणि संथ, खाली राहणारे बॉल दिले. ६-१, ६-१, ५-७, ६-४!

हे वाचताना मला आपला मलिक अंबर आठवतो. आमच्या चिकलठाण्यावरून जालन्याकडे गेलं की त्या जिल्ह्यात रोशनगाव लागतं. १६१६ साली तिथे तो मोगलांशी उघड्या मैदानात भिडला. हरला, आणि त्याने वसवलेली खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, मोगलांनी जाळली.

१६२४ ला भातवडीत मात्र मैदान दिलंच नाही. तलाव फोडून छावणी चिखलात रुतवली, रात्री छापे घातले. मोगल-आदिलशाही फौज हरली.

स्वतःचं बळ दाखवायचा मोह आवरणं, हेच अवघड. नाही का?