विंचूरकर वाड्यातील अनाम पाहुणा

पुण्यात लोकमान्यांचे घर कोणते, असे विचारिले म्हणजे आपले ज्ञातिबांधव नारायण पेठेतील गायकवाड वाड्याकडे बोट दाखवितात. परंतु तो वाडा टिळकांनी सयाजीराव गायकवाडांपासून घेतला १९०५ साली. तत्पूर्वी त्यांचे बिऱ्हाड सदाशिव पेठेत, विंचूरकर सरदारांच्या वाड्यात होते. त्यांच्या सार्वजनिक गणपतीचे प्रारंभीचे उत्सव तेथेच झाले. आमच्या मते त्या बिऱ्हाडाचा मान तिळमात्र उणा नाही.

१८९२ च्या सुमारास मुंबईहून परतताना बोरीबंदरावर टिळकांच्या डब्यात एक तरुण संन्यासी चढला. टिळकांनी त्यास घरी आणिले. मृगाजिन, कमंडलू व एकदोन वस्त्रे एवढाच त्याचा संसार. जवळ पै नाही. नाव विचारिता ‘संन्यासी’ एवढेच उत्तर मिळे. आठदहा दिवस राहून तो निघून गेला. नावगाव न सांगणाऱ्यास घरात ठेवून घेणे आज आपल्यापैकी किती जणांस रुचेल?

पुढे शिकागोची धर्मपरिषद गाजवून स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये स्वदेशी परतले, तेव्हा वृत्तपत्रांतील चित्र पाहून टिळकांस संशय आला. त्यांनी पत्र धाडिले व पुण्यास येण्याचे आमंत्रणही दिले. तो संन्यासी आपणच, असे स्वामींनी मोकळेपणे कळविले. मात्र तूर्त पुण्यास येता येत नाही, याबद्दल खेद प्रकट केला.