मार्साला: एका बंदराचें द्राक्षासव

सिसिलीच्या पश्चिम टोंकास मार्साला हें बंदर आहे. तेथील द्राक्षासव १७७३ सालीं जॉन वुडहाउस ह्या इंग्रज व्यापाऱ्यानें विलायतेस धाडलें, आणि सागरप्रवासांत तें नासूं नये म्हणून त्यांत द्राक्षांचें कडक मद्य मिसळलें. तें टिकलें, रुचलेंहि. १८०० सालीं नेल्सननें आरमारासाठीं ५०० मोठीं पिंपें मागविलीं.

मनुका व जळक्या साखरेची आठवण देणारा त्याचा गोड प्रकार बदामाच्या मिठायांशीं शोभतो. अंड्याचा बलक व साखर त्याच्यासह वाफेवर घोटली कीं झाबायोने तयार होतें. परंतु विसाव्या शतकांत अंडें, कॉफी घातलेले हलके प्रकार त्याच नांवानें खपूं लागले व नांवाची पत गेली. समुद्रासाठीं केलेलें मिश्रण त्याला मानवलें, बाजारासाठीं केलेलें बाधलें. अखेर १९६९ सालीं इटलीनें त्या नांवास कायद्याचें संरक्षण दिलें, व १९८४ मध्यें नियम आणखी कडक केले.