प्रतिरूप, पुनर्जन्म आणि तोतया

गतप्रियेच्या पेशीपासून तिचे प्रतिरूप निर्माण करू पाहणारा नायक विज्ञानकथेत आता परिचयाचा झाला आहे. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये प्रौढ मेंढीच्या पेशीपासून डॉली जन्मास आली आणि या कल्पनेस शास्त्रीय आधार लाभला. युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्याने मात्र माणसाचे असे प्रतिरूप जन्मास घालणे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरविले. यातील नैतिक पेच सातारा-सांगलीच्या परिसरास अगदीच अपरिचित आहे, असे म्हणता येणार नाही.

सांगलीनजीकच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शापसंभ्रम’ हे १८९३ चे नाटक ‘कादंबरी’वर आधारलेले आहे. बाणाच्या पुत्राने पूर्ण केलेल्या त्या कथेच्या उत्तरभागात मृत पुंडरीक वैशंपायन होऊन जन्मतो व महाश्वेतेकडे ओढला जातो. ती मात्र पुंडरीकावरील निष्ठेपायीच त्यास शुकयोनीचा शाप देते. येथे आत्मा तोच, देह निराळा. प्रतिरूपाच्या बाबतीत नेमके उलट घडते: देहाचा आराखडा तोच, व्यक्ती निराळी. शिवाय प्रतिरूप अर्भक म्हणूनच जन्मते. त्यास पूर्वस्मृती नसते, आणि त्यास वाढविणारा प्रियकर वस्तुतः पालक ठरतो. महाश्वेतेचा नकार आणि नायकाचा स्वीकार या दोहोंत जिवंत व्यक्तीचे मोल मृताच्या मापानेच होते.

साताऱ्याच्या इतिहासात प्रेमाच्या जागी सत्ता येते, परंतु अन्याय त्याच जातीचा आहे. जानेवारी १७५० मध्ये रामराजा गादीवर आला, तो ताराबाईंच्या दिवंगत पुत्राचा मुलगा म्हणून. त्यास पुढे आणिले ताराबाईंनीच. पेशव्यास दूर करण्याचा त्यांचा आग्रह त्याने मानला नाही, तेव्हा नोव्हेंबरात त्यांनी त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, आणि १७५२ मध्ये जेजुरीस शपथपूर्वक तो आपला नातू नव्हे असे सांगितले.

‘तोतया’ या शब्दात कपटाचा हेतू गृहीत असतो. सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या व १७७६ मध्ये देहदंड झालेल्या इसमास तो यथार्थपणे लागू पडतो. रामराजास तो लावणे अयोग्य होय, कारण ओळखीचा दावा प्रथम त्याच्यासाठी दुसऱ्याने मांडला होता. प्रतिरूपाची स्थिती अशीच राहणार. मृताशी असलेले त्याचे साम्य इतरांनी ठरविलेले असते. ते अपुरे पडल्यास दोष मात्र त्याच्या पदरी येतो. म्हणून या प्रश्नाचा विचार विरहीच्या दुःखापासून नव्हे, तर जन्मास येणाऱ्याच्या हक्कापासून सुरू करावयास हवा.