इनव्होल्यूट दातेरी चाक : ओतशाळेतील नमुन्यापासून संगणकीय प्रतिमानापर्यंत

प्रस्तावना
सातारा-सांगली परिसराच्या औद्योगिक इतिहासात संस्थापक, भांडवल व बाजारपेठ यांची चर्चा होते; यंत्रभागाच्या आकारामागील गणिताची क्वचितच होते. दातेरी चाकाच्या दाताची अचूकता कोणत्या टप्प्यावर कोणाच्या ज्ञानावर अवलंबून राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओतशाळेचा काळ
लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसविली. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सातारा जिल्ह्यात कारखाना काढला. लोखंडी नांगरासारख्या शेतीच्या अवजारांमुळे या भागात ओतकामाची परंपरा रुजली. ओतीव दाताचा आकार लाकडी नमुना घडविणाऱ्या कारागिराच्या हाती असतो. धातूचे आकुंचन व वाळूतून नमुना काढण्यासाठी ठेवलेला उतार यांमुळे त्या आकारात फरक पडतो. बैलांच्या मंदगती चरकात तो खपून जातो. वेगवान गिअरपेटीत मात्र आवाज व झीज वाढते.

वक्र आणि यंत्र
वर्तुळावर गुंडाळलेला दोरा ताणून उलगडताना त्याचे टोक जो मार्ग आखते, तो इनव्होल्यूट होय. अठराव्या शतकात ऑयलर याने दातांसाठी हा वक्र सुचविला. चाकांच्या केंद्रांतील अंतर किंचित बदलले तरी गतीचे गुणोत्तर कायम राहते, हा त्याचा मोठा गुण. वक्र आखणे अवघड असल्याने रॉबर्ट विलिस याने १८३८ मध्ये वर्तुळकंसांनी दात आखण्याचे साधन दिले. पुढे १८९७ मध्ये हेर्मान फाउटर याच्या हॉबिंग यंत्राने मोठा बदल घडविला. हॉबच्या सरळ कडा फिरत्या चाकावर इनव्होल्यूट आपोआप निर्माण करतात. त्यामुळे वक्राचे समीकरण कारागिराला ठाऊक असण्याची गरज उरली नाही. ज्ञान हत्यारात गेले.

संगणकीय प्रतिमान
संगणकावर दात आखताना ते ज्ञान पुन्हा आखणाऱ्याकडे येते. उदाहरणार्थ, मॉड्यूल ४ मिमी, १८ दात व २०° दाबकोन घेतल्यास पिच वर्तुळाचा व्यास ७२ मिमी, आधारवर्तुळाचा सुमारे ६७.६६ मिमी व मूळवर्तुळाचा ६२ मिमी येतो. आधारवर्तुळाच्या आत इनव्होल्यूट अस्तित्वातच नसतो. म्हणजे मुळाकडील सुमारे २.८३ मिमी उंचीचा भाग वेगळ्या वक्राने, हॉबच्या टोकाने उमटणाऱ्या ट्रोकॉइडने, साकारावा लागतो. तेथे त्रिज्यीय रेषा व वरच्या भागास वर्तुळकंस दिल्यास विलिसचीच तडजोड नकळत पुन्हा होते. हॉबिंगने दात कापायचे असल्यास ती निभावते, कारण हत्यार आकार सुधारून घेते. वायरकट, त्रिमितीय मुद्रण किंवा ताण-विश्लेषण यांत मात्र प्रतिमानातील चूक जशीच्या तशी उतरते. मुळाशी ताण सर्वाधिक असल्याने तिचे मोलही तेथेच सर्वाधिक द्यावे लागते.

निष्कर्ष
नमुन्याकडून हत्याराकडे आणि हत्याराकडून प्रतिमानाकडे असा हा ज्ञानाचा प्रवास आहे. सांगलीत १९४७ पासून व कराडमध्ये १९६० पासून अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. ओतशाळांच्या या प्रदेशातील विद्यार्थ्याने तयार आज्ञेने दात उमटविण्यापूर्वी एकदा तरी आधारवर्तुळापासून वक्राचे बिंदू स्वतः काढावेत, असा आग्रह अध्यापकांनी धरणे अगत्याचे आहे. अन्यथा संगणकाच्या पडद्यावरील नीटनेटकेपणा हीच अचूकता समजली जाईल.