लामतुरे संग्रहालय, तेर

कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय हे महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठच्या तेर या गावी असलेले पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. ते राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येते. संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू असून त्यांतील बहुसंख्य सातवाहन काळातील, म्हणजे स्थूलमानाने इ.स.पू. दुसरे शतक ते इ.स. तिसरे शतक या कालखंडातील आहेत. भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, प्राणी, चाके आणि इतर खेळणी यांसाठी हे संग्रहालय अभ्यासकांत विशेष प्रसिद्ध आहे. मोठ्या शहरापासून दूर, ज्या गावच्या मातीतून वस्तू निघाल्या त्याच गावात त्या पाहता येतात, असे हे मराठवाड्यातील एक मोजके ठिकाण होय.

पार्श्वभूमी

आजचे तेर हे शेतीवर जगणारे गाव असले, तरी प्राचीन काळी ते ‘तगर’ नावाचे भरभराटीचे व्यापारी नगर होते. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथील साधे कापड आणि मलमलीचे अनेक प्रकार गाड्यांवर लादून, बिकट मुलखातून भडोचच्या बंदरावर नेले जातात, असे हा ग्रंथ सांगतो. तगर म्हणजे नेमके कोणते गाव, याविषयी विद्वानांत बराच काळ मतभेद होते. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली तगर म्हणजेच तेर हे मत साधार मांडले व ते पुढे मान्य झाले.

कापडाच्या या गाड्यांपैकी एकही आज उरलेली नाही, आणि उरणे शक्यही नव्हते. लाकूड कुजते, लोखंड गंजते. तगरच्या वाटांवर चाके कशी फिरत होती याची कल्पना करायची झाल्यास मुलांच्या खेळण्यांकडे वळावे लागते, कारण ती मातीची होती आणि भट्टीत भाजलेली होती.

संग्रहाची घडण

तेरच्या परिसरात पांढरीची अनेक टेकाडे आहेत. पांढर म्हणजे जुन्या वस्तीच्या राखेची, शेणाची, पडलेल्या भिंतींची माती. जोराचा पाऊस झाला की या टेकाडांची माती वाहून जाते आणि मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ती उघड्या पडतात. गावचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू गोळा करण्याचा छंद आयुष्यभर जोपासला. पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण नसलेल्या एका गावकऱ्याने इतरांनी पायाखाली तुडवलेल्या वस्तू वेचून ठेवल्या, आणि त्यातून उभा राहिलेला संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला.

या संग्रहाचे एक वैगुण्यही नोंदवले पाहिजे. उत्खननात सापडलेल्या वस्तूचा थर माहीत असतो, तिच्या शेजारी कोणते नाणे किंवा कोणते खापर होते हे ठाऊक असते, आणि त्यावरून तिचा काळ ठरवता येतो. पावसाने उघड्या पडलेल्या वस्तूला असा शेजार नसतो. त्यामुळे लामतुरे संग्रहातील पुष्कळ वस्तूंचा काळ घडण व शैली यांवरून, इतरत्र सापडलेल्या वस्तूंशी ताडून ठरवावा लागतो. तेर येथे पुढे शास्त्रीय उत्खननेही झाली. त्यांपैकी चापेकर यांच्या उत्खननाचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. अशा उत्खननांनी संग्रहातील वस्तूंना आधार मिळाला. मात्र लामतुरे यांनी त्या वेचल्या नसत्या, तर थर कळणे दूरच, वस्तूही हाती लागल्या नसत्या.

मातीची खेळणी

तेरच्या मृण्मूर्तींचे वैशिष्ट्य त्यांच्या घडणीत आहे. पुष्कळशा मूर्ती केओलिन या बारीक पांढरट मातीच्या असून दुहेरी साच्यात केलेल्या आहेत. पुढच्या बाजूचा एक साचा आणि मागच्या बाजूचा दुसरा. दोहोंत ओल्या मातीचा पातळ थर दाबून बसवायचा, मग दोन्ही अर्धुके एकमेकांस जोडायची. मूर्ती आतून पोकळ राहते, वजनाला हलकी होते आणि माती कमी लागते. भाजताना आतील वाफ बाहेर पडली नाही तर मूर्ती तडकते, म्हणून तिला एखादे छिद्र ठेवतात. हे तंत्र रोमन जगाशी आलेल्या संपर्कातून दख्खनमध्ये आले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पैठण, नेवासे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही याच घडणीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. स्त्रीमूर्तींच्या केशरचना आणि दागिने इतके बारकाईने दाखवलेले असतात की त्या काळच्या वेशभूषेचा अभ्यास त्यांवरून करता येतो.

चाकांची गोष्ट निराळी आहे. सातवाहनकालीन स्थळांवर भाजलेल्या मातीची लहान चाके सुटी सापडतात, अख्खी गाडी क्वचितच. खेळण्यातील गाडीचा आस म्हणजे एक काडी. ती कुजून गेली की चाके, बैल आणि गाडीचा सांगाडा यांची ताटातूट होते. अनेकदा मधोमध भोक असलेली चकती ही चाक आहे की सूत कातण्याच्या टकळीची चकती, हेदेखील चटकन सांगता येत नाही. तेर हे तर कापडासाठी नावाजलेले गाव, त्यामुळे हा संशय येथे अधिकच रास्त ठरतो. भोकाभोवती मातीचा उंचवटा, म्हणजे चाकाचा तुंबा, दाखवलेला असेल तर ते चाक मानण्यास बळकटी येते.

खेळणी की पूजावस्तू

मातीचा प्रत्येक बैल किंवा घोडा खेळणेच होता, असे मानणे धाडसाचे आहे. मराठवाड्यातील गावांत, हिंगोली जिल्ह्यातही, श्रावण अमावास्येला पोळा साजरा होतो. ज्या घरी बैल नाहीत तेथे मातीच्या बैलांची पूजा करतात. सकाळी पाटावर बसलेला, हळदकुंकू लावलेला हा बैल सण सरला की मुलांच्या हाती जातो. दोन हजार वर्षांनी तो बैल कोणाला सापडला, तर तो देव्हाऱ्यातला की अंगणातला, हे त्याने कसे ठरवावे? तेरच्या प्राण्यांविषयी हाच प्रश्न उभा राहतो, आणि बहुधा दोन्ही उत्तरे खरी असू शकतात.

या संदर्भात दायमाबाद येथील कांस्यवस्तूंची आठवण होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीकाठच्या या गावी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार वस्तू सापडल्या: दोन बैल जुंपलेला व उभा सारथी असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर आहे. चाकांवर किंवा चाकांसाठी केलेल्या बैठकीवर हे प्राणी उभे आहेत, त्यामुळे प्रथमदर्शनी ती खेळणीच वाटतात; परंतु चारही वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. एवढे ओझे मूल ओढणार नाही, तेव्हा त्या मिरवणुकीच्या असाव्यात असे मत मांडले गेले. एम. के. ढवळीकर, एस. ए. साळी आदींनी त्या इ.स.पू. २००० च्या सुमाराच्या मानल्या, तर डी. पी. अगरवाल यांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून या कालनिर्णयाला हरकत घेतली. या वस्तू आज मुंबई आणि दिल्ली येथील संग्रहालयांत आहेत. दायमाबादच्या शाळकरी मुलाला आपल्या गावचा रथ पाहण्यासाठी तेथवर जावे लागते. तेरच्या मुलाला मात्र गल्ली ओलांडणे पुरते.

इतर वस्तू

संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगभर ज्ञात आहे. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्यामुळे अशा मूर्तींच्या काळाचा एक पक्का बिंदू मिळतो. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट हीदेखील येथील मौल्यवान वस्तू. तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. मातीत मिसळलेला भाताचा कोंडा भाजताना जळून जातो व वीट सच्छिद्र होते, एवढेच त्यामागचे कारण.

तेर, गोरोबा आणि हिंगोली

तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव असून त्यांची समाधी येथेच आहे. विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना स्वतःचे तान्हे मूल पायाखाली आल्याची त्यांची कथा सर्वश्रुत आहे. मातीची बाहुली आणि मातीत हरवलेले मूल, या दोन्ही गोष्टी एकाच गावच्या असाव्यात हा योगायोग भेट देणाऱ्याच्या मनात रेंगाळतो. दुसरी आख्यायिका थेट हिंगोली जिल्ह्याशी जोडलेली आहे. संतमेळ्यात गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. परंपरेनुसार नामदेवांचे जन्मगाव नरसी हे आजच्या हिंगोली जिल्ह्यात. आणि या प्रसंगानंतर ते ज्या विसोबा खेचरांकडे गेले, ते औंढा नागनाथही त्याच जिल्ह्यात.

भेट देताना

तेरला लातूर आणि धाराशिव या दोन्ही बाजूंनी रस्त्याने जाता येते. मूर्ती पाहताना समोरून पाहून पुढे जाऊ नये. कडेने पाहिल्यास दोन साच्यांच्या जोडाची रेघ अनेक ठिकाणी ओळखू येते. फुटलेली मूर्ती अखंड मूर्तीपेक्षा अधिक शिकवते, कारण तिच्या पोकळीत आतल्या बाजूने माती दाबताना उमटलेले कारागिराच्या बोटांचे ठसे दिसू शकतात. विद्यार्थ्यांना घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी गावातील त्रिविक्रम मंदिरही दाखवावे. विटांची ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत आहे. टेकाडांवर फिरताना एखादे खापर किंवा मणी दिसला, तर तो खिशात घालू नये. जागा लक्षात ठेवून संग्रहालयात कळवावे.