लघवीचं वजन

मध्ययुगीन युरोपातले वैद्य काचेच्या भांड्यात लघवी धरून तिच्या रंगावरून रोग ओळखू पाहत. सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्मॉण्टने ती तोलून पाहिली. तितक्याच मापाच्या पाण्यापेक्षा लघवी किती जड? आज आपण यालाच विशिष्ट गुरुत्व म्हणतो.

पाण्याचं १.००० धरलं, तर लघवीचं साधारण १.००५ ते १.०३० भरतं. पाणी कमी प्यायलो की मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात, लघवी दाट होते, आकडा चढतो. भरपूर प्यायलो की उतरतो. म्हणजे बघा, दाट लघवी ही बहुधा मूत्रपिंडांची काटकसर असते.

मग धोका कुठे? १९१० च्या दशकात जर्मनीतल्या मानहाइमचे डॉक्टर फ्रान्झ फोलहार्ड रुग्णाचं पाणी काही तास बंद ठेवून आकडा चढतो का, ते तपासत. मूत्रपिंडं निकामी होत आलेल्यांचा आकडा १.०१० च्या आसपासच अडकून राही. शरीराला पाणी हवंय, आणि लघवी मात्र फिकट! म्हणून नुसत्या फिकट रंगावरून ‘पाणी पुरेसं आहे’ असं आपल्याला म्हणता येत नाही. गरजेप्रमाणे आकडा हलतो का, हे बघावं लागतं.